पहिल्या अँटीबॉडीशिवाय

"दिवा बंद करतो हं, ताई," मधुमतीच्या हाताखाली काम करणारा सुयश म्हणाला.

नॉटिंगहॅमच्या त्या लॅबमधली मायक्रोस्कोपची खोली इतकी लहान, की दोघांच्या खुर्च्या एकमेकींना लागत. मधुमतीने स्क्रीनकडे पाहिलं. काळ्यावर हिरवे ठिपके, भरपूर.

"छान आलेत. औषध दिलेला उंदीर ना?"

"हो. पण ताई, ह्या स्लाइडला मी पहिली अँटीबॉडी लावलीच नाहीये."

मधुमती स्क्रीनच्या आणखी जवळ सरकली.

पहिली अँटीबॉडी एकच प्रथिन ओळखते. स्नायू हलवणाऱ्या चेतापेशींच्या केंद्रकात बसून ते जनुकं चालू-बंद करतं. दुसरी, चमकणारी, पहिलीला जाऊन चिकटते. पहिलीच नसेल तर स्लाइड काळी दिसायला हवी. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? इथे मात्र पोहरा काठोकाठ भरून आला होता. कारण पहिली अँटीबॉडी उंदरापासून बनवलेली आणि मज्जारज्जूचे कापही उंदराचेच. आजारी भागात रक्त झिरपलेलं, त्यात उंदराच्या स्वतःच्या अँटीबॉडी. चमकणारी उंदराची कुठलीही अँटीबॉडी धरते, तिने त्याच धरल्या होत्या. औषधाने नव्या चेतापेशी उगवल्याच नव्हत्या.

पहिलीशिवायची ही तपासणी ते नेहमी करत, पण निरोगी उंदराच्या कापांवर, जिथे रक्त झिरपलेलं नसतं. औषध दिलेल्या उंदरांचे काप मोजके, ते कंट्रोलमध्ये, म्हणजे अशा पडताळणीत, वाया घालवायचे नाहीत, असं मधुमतीनेच ठरवलं होतं. काटकसर नडली.

"परत परत करून बघितलं," सुयश म्हणाला. "सेमच येतंय. सॉरी, ताई."

"सॉरी कशाला? सांगितलंस ते बरं केलंस. ग्रुपला ईमेल टाक. रिझल्ट मागे घेतोय म्हणावं."

"आज? निदान वीकेंड तरी जाऊ दे ना."

"आत्ता टाक."

तो गेला. ती अंधारातच बसून राहिली.

तिच्या नवऱ्याच्या, माधवच्या, ह्याच चेतापेशी मरत चालल्या होत्या. हात गेले होते, आता घास अडकायचा. श्वासात जोर आहे तोवर पोटात अन्नाची नळी बसवून घ्या, असं हॉस्पिटलवाले पुन्हा पुन्हा सांगत होते. तिने स्लाइडवरचे ठिपके दाखवल्यापासून तो टाळत होता. "तुझं औषध येतंय ना," म्हणायचा. उंदरापासून माणसापर्यंत यायला किती वर्षं लागतात, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक? तरी ती बोलली नव्हती. आशा वेडी असते हे कळत असून तिने ती घरात राहू दिली होती. त्याची तिला शरम वाटली, आणि मग रडू आलं.

डोळे पुसून तिने घरी फोन लावला. केअररने तो माधवच्या कानाशी धरला.

"माधव, नळीची तारीख घेऊया. येत्या आठवड्यातलीच."

पलीकडे नुसता श्वास ऐकू येत होता. शब्द जुळवायला त्याला वेळ लागे.

"ठिपके... खोटे?"

"हो रे."

 

"मग येताना... आम्रखंड आण," माधव म्हणाला. "अजून... गिळता येतंय."