शेजारच्या सीटचा ब्रेक

पिस्टन पुन्हा बाहेर आले होते.

हर्सूलच्या रस्त्यावरील आपल्या गॅरेजात सांडू मिस्त्री त्या गाडीच्या मागील डाव्या बाजूस उकिडवा बसला होता. चाक काढलेले होते, ब्रेकचे झिजलेले पॅडही काढलेले होते. मागचे पिस्टन नुसते रेटून आत जात नाही. ते दाब देऊन, मळसूत्राप्रमाणे फिरवीत न्यावे लागते. हे ज्ञान त्याच्या मनगटात तीस वर्षांपासून होते. उजव्या बाजूचे काम त्याने पाच मिनिटांत उरकले होते. डावे पिस्टन मात्र त्याने तीन वेळा आत नेले, आणि नवे पॅड उचलण्यास तो वळताच तीनही वेळा ते आपण होऊन बाहेर आले.

हँडब्रेक खाली होता. त्याने बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची डबी पाहिली. त्याच्या डोळ्यांदेखत तेल किंचित खाली उतरले. पेडल दाबल्याविना असे घडत नसते. तथापि गाडीत कोणीही नव्हते.

“सांडूभाऊ, झालं का?” गाडीच्या मालकीणबाई अंबिकाबाई बाकावरून उठून आल्या. “माझ्या पद्मजाला पहाटेच दवाखान्यात नेलंय. दुपारच्या आत कन्नड गाठायचंय मला.”

“ताई, आज यष्टीनं जा. गाडी नाय द्यायचो मी.”

“का म्हणून?”

“कुणीतरी ब्रेक दाबून बसलंय.”

हे शब्द उच्चारल्यावर त्याला स्वतःचीच लाज वाटली. अंबिकाबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी पुढचे डावे दार उघडले. त्या बाजूस पेडल नव्हते. पायाखाली केवळ रबरी मॅट होते, आणि उजव्या पायाच्या जागी ते झिजून आतील पत्रा दिसत होता.

“आमच्या ह्यांचं काम,” त्या म्हणाल्या. “स्वतः कधी गाडी शिकले नाहीत, पण मी चालवायला लागले की शेजारी बसून सारखा पाय दाबायचे. बारा वर्षं. मी म्हणायची, अहो, तिथं ब्रेक नाही, मॅट आहे! तर म्हणायचे, तू आपली पुढं बघ.”

“साहेबांना जाऊन...”

“दिवाळीत वर्षश्राद्ध झालं. आज घाट एकटीनं चढायचाय, कळलं असेल त्यांना.”

सांडूच्या हातातील पान्हा गार पडला होता. अंबिकाबाई रिकाम्या सीटकडे वाकल्या.

“अहो, उचला पाय. दौलताबादच्या घाटात मी दुसऱ्या गिअरवरच राहीन. कुणाला ओव्हरटेक करणार नाही. लेकीचं पहिलं बाळंतपण आहे.”

सांडूने पुनश्च पान्हा लावला. पिस्टन फिरत फिरत लोण्यात जावे तसे आत गेले, आणि आतच राहिले. त्याने घाईघाईने पॅड बसविले.

चाक चढविण्यापूर्वी आता एकच कार्य शेष होते. नव्या पॅडनंतर ब्रेकचे पेडल कडक होईपर्यंत पायाने मारावे लागते, अन्यथा पहिला ब्रेक पोकळ जातो. ते केल्याविना त्याने आजवर एकही गाडी गॅरेजबाहेर सोडलेली नव्हती.

“ताई, पेडल मारायचं ऱ्हायलंय.”

“मग मारा की.”

“मी नाय बसत आत.”

अंबिकाबाईंनी त्याच्याकडे पाहिले. त्यांचे दोन्ही पाय बाहेर मातीत होते, दोन्ही हात दाराच्या काचेवर होते.

“अहो,” त्या सीटला म्हणाल्या, “आता दाबा.”

पिस्टन सावकाश बाहेर सरकले. दोन्ही पॅड चाकासोबत फिरणाऱ्या ब्रेकच्या तबकडीला जाऊन भिडले. सांडूने दोन्ही हातांनी जोर लावून तबकडी फिरवून पाहिली. ती हलेना.

“बास,” अंबिकाबाई म्हणाल्या.

तबकडी त्याच्या हातात सैल झाली.