ब्रेकवरचा पाय

"येतोय," ती म्हणाली. "मागच्या डाव्या चाकापाशी."

ब्रेक सोडल्याचा फुस्स आवाज झाला, ट्रकच्या केबिनचं दार उघडलं आणि धाकटा भाऊ उडी मारून खाली आला. तिच्या शेजारी उकिडवा बसला. दोघांनी कान लावले. चाकामागे ब्रेकचा लोखंडी डबा होता, त्याला येऊन मिळालेली रबरी नळी होती, आणि आवाज मात्र नव्हता. त्याने फडकं साबणाच्या पाण्यात बुडवून डब्यावर पिळलं. हवा गळत असती तर बुडबुडे उठले असते. फेस नुसता ओघळून गेला.

"काही नाही, ताई."

"आत्ता होता."

"असेल. मला बघून पळाला." तो हसला. "तुझ्या कानांना एकदा सायलेन्सर बसवून घेऊ या."

सकाळपासून दोघं गाडीच्या हवेचं काम करत होते. हवेच्या टाक्यांखालच्या कड्या ओढून त्याने साचलेलं तेलकट पाणी काढून टाकलं होतं. मग इंजिन चालवून हवेचा काटा वर चढवला, इंजिन बंद केलं, चाकांना ठोकळे लावून हँडब्रेक सोडला. आता एवढंच उरलं होतं: एकाने वर बसून ब्रेक दाबायचा, दुसऱ्याने गाडीभोवती फिरून हवा कुठे सुटते ते ऐकायचं. बाबा होते तेव्हा ऐकायचं काम तिचंच असे. बाबा गेल्यापासून गाडी अंगणात उभी होती. दुपारी ती फरशा भरून डोंगर उतरणार होती. भावाची या गाडीवरची पहिलीच खेप.

तो वर गेला. ब्रेक दाबला. ती चाकाजवळ वाकली, आणि पुन्हा तो आवाज आला. बारीक, सलग, दातांतून ओढल्यासारखा.

"येतोय."

भाऊ खाली आला. आवाज नव्हता.

हा आवाज तिच्या ओळखीचा होता. शेवटच्या दिवसांत बाबांच्या उशाशी ऑक्सिजनचं यंत्र असायचं. त्या दुपारी ती बाबांचा हात धरून बसली होती. भाऊ खोलीत आला आणि दारातच थबकला. "झोप लागलीय," ती त्याला हळू म्हणाली होती. "श्वास बघ कसा एकसारखा येतोय." त्याने जाऊन यंत्राचं बटण बंद केलं. तेव्हा तिला कळलं, की इतका वेळ ती ऐकत होती ते यंत्र होतं. बाबा केव्हाच गेले होते.

यंत्र बंद झालं, आवाज बंद झाला नाही. तो तिच्याबरोबर स्वयंपाकघरात आला, पंख्याखाली आला, उशीत शिरला. गॅस गळतोय म्हणून तिने माणूस बोलावला; तो दुसऱ्यांदा आला तेव्हा जाताना आईशी बाजूला काहीतरी बोलून गेला. तेव्हापासून घरात सगळे तिच्याशी जपून बोलत. भाऊ सगळ्यांत जास्त.

आणखी एकदा तो वर गेला, आणखी एकदा ती "येतोय" म्हणाली, आणखी एकदा तो धावत खाली आला आणि दोघं एका मुक्या डब्याकडे बघत बसले.

"ताई, माल तयार आहे. गोदामवाला फोनवर फोन करतोय." त्याचा आवाज मऊ होता. "तू म्हणालीस तर आजची खेप सोडतो, मिस्त्रीला बोलावतो. पण खरं सांग. तुला स्वतःला खात्री आहे?"

तिने तोंड उघडलं. डोळ्यांसमोर डोंगराचा उतार आला, मागे फरशांचं ओझं, आणि मध्ये हा धाकटा. पण खात्री द्यायची ती कोणत्या कानांनी? मेलेल्या माणसाचा श्वास मोजत बसलेल्या?

"नाही," ती म्हणाली.

"मग झालं तर." त्याने तिच्या खांद्यावर थोपटलं. "तू आत जा. जरा पड."

तो बादली उचलून नळाकडे गेला. ती तिथेच बसून राहिली. कानात तो आवाज होताच. नळ सुरू झाला तरी होता. भावाने बादली आपटली तरी होता. रात्रंदिवस, माणसांत आणि एकटीत, तो कधी कुणासाठी थांबला नव्हता. असा लाजाळू तो कधीच नव्हता.

चाकापाशी होता तो मात्र थांबत होता.

आणि भाऊ जवळ आल्यावर नाही, त्याच्याही आधी. ब्रेक दाबलेला असेल तेवढाच वेळ या डब्यात हवा असते. तिने "येतोय" म्हटलं रे म्हटलं, की तो काळजीने धावत सुटायचा, आणि धावायचं म्हणजे आधी ब्रेकवरचा पाय उचलावा लागायचा.

"वर जा," ती म्हणाली.

"ताई..."

"जा. ब्रेक दाबून बस. मी काहीही म्हटलं तरी पाय उचलायचा नाही. मी ओरडले तरी नाही."

"बरं बाई. पण हे शेवटचं."

तो चढला. ब्रेक दाबला. तिने ओलं फडकं स्वतः डब्यावर पिळलं. डब्याच्या सांध्यावर एक बुडबुडा उभा राहिला, द्राक्षाएवढा झाला, फुटला. त्याच जागी दुसरा उगवला.

"येतोय," ती म्हणाली.

वर सीट करकरली. "थांब, बघतो."

"पाय."

करकर थांबली. बुडबुडे एकामागून एक फुगत होते, फुटत होते. मग केबिनमधून त्याचं फोनवरचं बोलणं ऐकू आलं.

"शेठ, आज गाडी निघत नाही. मागचा ब्रेक हवा सोडतोय." पलीकडचा माणूस चढ्या आवाजात काहीतरी विचारत होता. भावाने त्याला बोलू दिलं. मग म्हणाला, "नाही, मी नाही बघितलं. ताईला ऐकू आलंय."