बावीस सालचा खंड

"काका, आधी नाव," ग्रंथपाल हिमानी म्हणाली.

देवरावांनी न्यायालयीन निकालांचा जाडजूड खंड उलटा केला आणि मागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या चिठ्ठीवर आपलं नाव आणि तारीख वळणदार अक्षरात लिहिली. विधी ग्रंथालयाचा हा जुना नियम होता. खंड हाती घेणाऱ्याने आधी चिठ्ठी भरायची, मग पान उघडायचं. पारशिवनीला तीस वर्षं इंग्रजी शिकवलेला माणूस. नियम मोडणं त्यांना जमत नसे.

शेजारी रंभाबाई बसल्या होत्या. त्यांना अक्षर ओळखता येत नव्हतं, तरी दर मंगळवारी नवऱ्याबरोबर बसने नागपूर गाठायच्या. त्यांची हर्षा हुडकेश्वरला सासरी जळून मेली, त्याला नऊ वर्षं झाली. जावई सुटला. सरकारने हायकोर्टात अपील केलं आणि ते अजून चालू आहे, एवढंच दोघं सांगायचे. सुटलेल्या नवऱ्याला वरच्या कोर्टाने शिक्षा दिली, असे निकाल शोधून सरकारी वकिलाला द्यायचे, त्यासाठी ही खटपट.

"आहे का जी आपल्यासारखं?" रंभाबाईंनी विचारलं.

"आहे वं एक. त्या पोरीच्या नवऱ्याले झाली शिक्षा."

म्हातारीचा चेहरा उजळला. हिमानीने मान खाली घातली.

दीड वर्षापूर्वी ती इथे रुजू झाली. पहिल्याच महिन्यात, काकांना मदत करावी म्हणून तिने संगणकावर शोध घेतला, तर बावीस सालच्या खंडात हर्षाचंच प्रकरण निघालं. सरकारचं अपील फेटाळलं होतं. पुढे सुप्रीम कोर्टात कोणी गेलं नव्हतं, मुदतही केव्हाच टळली होती. मेलेल्या मुलीच्या आईबापाला कळवायची तसदी कोणी घेतली नव्हती. हिमानीने तो खंड आपल्या टेबलाच्या खणात टाकला, आणि तेव्हापासून ती मूग गिळून बसली होती. दर सोमवारी ठरवायची, उद्या सांगू. मंगळवारी रंभाबाई समोर आल्या की तिची जीभ रेटत नसे. नशीब म्हणायचं, काकांनी वीस सालचा मागितला, एकवीसचा, तेवीसचा. बावीसचा कधी मागितलाच नाही.

आज मात्र रंभाबाई बोटं मोजत होत्या.

"अहो, बावीसचं पुस्तक राह्यलं नं? ते काहून नाही पाहिलं?"

हिमानीचा हात खणाकडे गेला. ती काही बोलणार, एवढ्यात देवराव म्हणाले, "ते बाइंडिंगले गेलं वं. मॅडमनं सांगतलं होतं नं मागं."

असं काही सांगितल्याचं हिमानीला आठवेना. सांगितलंही असेल. एक खोटं लपवायला माणूस चार बोलतो, सगळी कुठे लक्षात राहतात?

"हो काकू, बाइंडिंगला आहे," ती म्हणाली.

"येईन नं पण वापस?"

"येईल."

"मंग त्यातच असंल पाहा आपल्या हर्षीच्या कामाचं," रंभाबाई म्हणाल्या. "तेवढ्यासाठीच जीव धरून हाय मी."

देवराव चष्मा पुसत राहिले. थोड्या वेळाने दोघं उठले आणि एकमेकांना धरून पायऱ्या उतरून गेले.

हिमानीने टेबलावरचा खंड कपाटात परत ठेवला. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. पुढच्या मंगळवारी काकांना एकट्याला आत बोलवायचं आणि ते पान समोर ठेवायचं. त्या भल्या माणसाची आशा आपल्याच हाताने मोडायची, या विचाराने तिला रडू आलं.

तिने खणातून खंड काढला. उगाच नियम आठवला. दीड वर्ष खंड तिच्याकडे होता, आणि चिठ्ठीवर तिने स्वतःचं नाव काही लिहिलं नव्हतं. तिने पेन घेतलं आणि मागचा पुठ्ठा उघडला.

चिठ्ठीवर एकच नाव होतं, वळणदार अक्षरातलं. देवरावांचं. तारीख ती रुजू होण्याच्या चार महिने आधीची होती.