शिजरचं पथ्य

"नाव?"

"उषाबाई."

"तुमचं नव्हे बेन, कुत्र्याचं."

"शिजर."

जनावरांच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी कागदावर 'सीझर' असं लिहिलं. टेबलावर काळा डॉबरमन आडवा पडला होता. डोळे हळदीसारखे पिवळे, बरगड्या वर आलेल्या आणि पोट तेवढं फुगलेलं. उषाबाई त्याच्या मानेखाली हात घालून उभी होती. वैशाखाच्या उन्हातून ती त्याला हातगाडीवर घालून घेऊन आली होती, रिक्षावाले घेईनात.

"काय होतंय याला?"

"काळजात तांबं साठतंय. मुंबईच्या डॉक्टरांनी तुकडा काढून तपासलाय."

डॉक्टरांनी मान वर केली. तिची झिजलेली रबरी चप्पल पाहिली. "मुंबईला नेलं होतं?"

"नेलं होतं."

डॉक्टर नवसारीचे, पण शिकले मुंबईला. मराठी नीट बोलत. त्यांनी सीझरचं पोट चाचपलं आणि हात धुता धुता म्हणाले, "तांबं सगळ्यांच्याच खाण्यात असतं. आपलं यकृत जास्तीचं बाहेर टाकतं, याचं टाकत नाही. ते काढणारी कॅप्सूल आहे, माणसांचीच. मुंबईहून मागवावी लागते, महाग पडते. त्यानं उतार पडला तर पुढं जस्ताची गोळी, ती परवडेल. आणि कडक पथ्य. कलेजी, डाळ, शेंगदाणे बंद. भात, दही, अंडं. तरी खात्री देत नाही मी. घरच्यांना तसं सांगून ठेवा."

"ज्यांनी रडायचं ते रडून बसलेत, साहेब. तुम्ही औषध लिहा."

पर्वत पाटियाजवळच्या चाळीत एका खोलीचा संसार. नवरा धुडकू कापडाच्या लूमवर कामाला. शिरपूरकडचं गाव सोडून दोघं सुरतेला आली त्याला बरीच वर्षं झाली होती, पण घरात बोलणं अजून गावचंच. उषाबाईने भातात अंडं कुस्करलं तसा धुडकू भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "चहाले दूध नही घरमा, अन् तू याले अंडा चारस."

"आजारी शे तो."

"त्या दिन मी तुनं ऐकाले नको व्हतं."

उषाबाईने घास सीझरच्या तोंडाशी धरला. सीझरने दोन घास खाल्ले, तिसरा ओकला. तिने फडक्याने जमीन पुसली आणि थोड्या वेळाने पुन्हा घास पुढं केला.

दुपारी ती साड्यांना लेस लावायची. कॅप्सूल आल्यापासून एका गठ्ठ्याचे दोन गठ्ठे केले. सुईने बोटांची चाळण झाली. सकाळी मात्र अठवा लाइन्सला अरुणाबाईंकडे कामाला जायचं. त्यांच्या दाराबाहेर ती साडी झटकायची, पदर उलटसुलट करून बघायची आणि मगच बेल दाबायची. कुत्र्याचा एकही केस त्या घरात जाता कामा नये.

अरुणाबाई बँकेतल्या साहेबांच्या बायको, मनाने मायाळू. अलीकडे अबोल झाल्या होत्या. गॅलरीचं दार लावूनच ठेवत. काम आटपलं की वाटीभर घट्ट दही मात्र न चुकता तिच्या हातात देत. "तू खा हं, उषा. वाळलीस किती." ते दही सीझरच्या भाताला लागे.

चाळीतल्या सरलाबाईने एकदा विचारलंच. "तुझ्या बाई भल्या आहेत. त्यांच्याकडून उचल का घेत नाहीस?"

"त्यांच्या कानावर नाही घालायचं हे," उषाबाई म्हणाली आणि सुईत दोरा ओवू लागली.

श्रावण तोंडावर आला आणि कॅप्सूल संपल्या. सीझर उठायचा बंद झाला. नुसता डोळ्यांनी तिच्या मागं मागं फिरायचा. कानबाई देवीच्या सणाला गावी जायचं म्हणून धुडकूने एसटीचे आणि लुगड्याचे पैसे एका डब्यात बाजूला टाकले होते. वर्षातून तेवढीच काय ती गावची वाट. उषाबाई त्या डब्याकडे बघायची आणि नजर फिरवायची. मागायचं तोंड नव्हतं.

एका सकाळी रातपाळी करून धुडकू आला. आल्या आल्या चहा न मागता सीझरजवळ बसला. त्याचे कान हाताने कुरवाळले. मग खिशातून औषधाचं पाकीट काढून तिच्यापुढं ठेवलं.

"औंदा कानबाईले गावले जावानं नही."

उषाबाईने तवा खाली ठेवला आणि पदर डोळ्यांना लावला.

"रडू नको. कानबाई समजी लेई. तिनाबी घरमा लेकरं व्हतीन."

त्या दिवसापासून घास भरवायचं काम धुडकूने आपल्याकडे घेतलं. डोळ्यांतला पिवळेपणा हळूहळू ओसरला. दिवाळीत सीझर चाळीच्या नळापर्यंत चालत गेला, आणि थंडीत एकदा पोस्टमनवर असा भुंकला की सगळी चाळ बाहेर आली. धुडकू लोकांना सांगत सुटला, "आमना शिजर भुकना." रातपाळीहून येताना त्याची पावलं वाजली की सीझर दाराशी जाऊन उभा राहायचा.

पुन्हा उन्हाळा लागला. डॉक्टरांनी पोट चाचपलं, डोळे ताणून पाहिले आणि पहिल्यांदाच हसले. "उषाबेन, याला आता आजारी म्हणू नका. जस्त आणि पथ्य तेवढं जन्मभर सांभाळा."

दुसऱ्या दिवशी उषाबाई कामावर गेली ती गालातल्या गालात हसतच. दाराबाहेर नेहमीसारखी साडी झटकली. अरुणाबाईंनी दार उघडलं तेव्हा त्यांचे डोळे सुजलेले होते. त्यांनी मोगऱ्याची पुडी तिच्या हातात ठेवली.

"धुडकूभाऊंना माझं एक काम सांगशील? इतके दिवस विचारायचा धीर झाला नाही गं मला."

"सांगा ना, बाई."

"आम्हांला हाल बघवेनात त्याचे, म्हणून शेवटची सुई द्यायला भाऊंबरोबर पाठवून दिला. आज वर्ष झालं." त्यांनी पदराने डोळे टिपले. "आमच्या सीझरला त्यांनी जिथं पुरलं, तिथं एवढी फुलं ठेवायला सांग."