फाट्यावर उतरलेली

कॅफेतला पुढचा कॉम्प्युटर बायकांचा. आतल्या केबिनांना दारं होती, म्हणून लालसिंग बायकांना तिथं बसवत नसे. लोक नावं ठेवतात, म्हणायचा. पुढं बसलं की स्क्रीन थेट त्याच्या काउंटरकडं. ज्योतीनं पोराला मांडीवर आडवं घेतलं आणि खुर्ची सरकवून स्क्रीन पाठीआड केला.

"बी.एड.चा फॉर्म उघडला का, ताई?"

"उघडून राहिलाय. नेट हळू आहे."

फॉर्म कालच भरून झाला होता. सासूला, जनकाबाईंना, तो अजून भरायचाच आहे असं वाटत होतं. खरं कळलं असतं तर कॅफे बंद आणि बी.एड.ही बंद.

स्क्रीनवर उघडी होती ती तिनं लिहिलेली गोष्ट. टीव्हीवरच्या मालिकेतली शर्वरी नवऱ्यानं चारचौघांत थोबाडीत मारल्यावर लेकरू घेऊन माहेरी गेली होती, आणि परवाच्या भागात सासरच्या गाडीत बसून मुकाट्यानं परत आली होती. ज्योतीच्या गोष्टीत ती परत येत नव्हती. वाटेत फाट्यावर गाडी थांबवून उतरत होती.

आता ही टाकायची कुठं?

एक गोष्टींची वेबसाइट होती. कुठलंही नाव घ्या, कुणी विचारत नाही. मागच्या महिन्यात ज्योतीनं तिथं एक गोष्ट टाकली होती. खाली वाचकांचा आकडा तीन. त्यातल्या दोन वेळा ती स्वतःच.

दुसरी जागा म्हणजे ऑर्कुटवरची मालिकेची कम्युनिटी. भाग संपायचा अवकाश, तिथं बायका भांडायला हजर. कुणी शर्वरीच्या बाजूनं, कुणी सासूच्या. तिथं टाकली की वाचली जाणार, यात शंका नव्हती. पण तिथं सपना होती. ज्योतीची नणंद. संध्याकाळच्या भारनियमनात मालिका बुडायची, म्हणून सपना कॉलेजातून येताना याच कॅफेतून कम्युनिटीवरची पानं छापून न्यायची आणि आईला वाचून दाखवायची. या वर्षात जनकाबाईंनी मालिका बघितली कमी, ऐकली जास्त.

खोटं नाव घेता आलं असतं. ते तयारही होतं. पण नाव लपवलं तरी सासू कशी लपवायची? मालिकेतली सासू पुण्याची, तोलूनमापून बोलणारी. ज्योती लिहायला बसली तशी ती बाई पुण्याचं सोडून घरचंच बोलायला लागली होती.

'काहून तोंड पाडून बसली? हात उगारला म्हून काय हात तुटला तुझा?'

ज्योतीनं ते खोडलं. त्या जागी लिहिलं, 'अगं, असं काय करतेस? संसार म्हटला की चालायचंच.' वाचून बघितलं. सासू पुन्हा टीव्हीतली झाली होती. आणि शर्वरीला गाडीतून उतरायला काही कारणच उरलं नव्हतं.

तेवढ्यात लाईट गेली. बॅटरी टुक टुक करायला लागली. पोरगं दचकून रडू लागलं.

"ताई, दोन-चार मिनिटं हायेत. जास्त न्हाई," लालसिंग म्हणाला, आणि काउंटरमागून बाहेर आला.

ज्योतीनं खोडलेलं परत आणलं. स्क्रीनवर दोन्ही जागा उघड्या होत्या. एकीवर तीनचा आकडा तसाच. लालसिंगची चप्पल जवळ येत होती. तिनं दुसरीवर गोष्ट चिकटवली आणि बटण दाबलं. पान दिसलं, आणि स्क्रीन काळा झाला.

"गेला का फॉर्म?"

"गेला."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अंधारात सपनानं चार्जिंगचा दिवा जवळ ओढला आणि पिशवीतून पान काढलं. जनकाबाई तुरीच्या शेंगा सोलत होत्या. ज्योती भिंतीला टेकून पोराला थोपटत होती.

"आई, आज भाग न्हाई. कुणीतरी मनानं लिहून टाकलंय. पण लय भारी हाय."

"मनानं? म्हंजी खोटंच की."

"मालिका तरी कुठं खरी हाय? ऐक तर."

सपना वाचू लागली. सासू बोलायला लागली तशी तिला हसू आवरेना.

"आई, ही सासू तर आपल्या हिंगोलीची निघाली."

जनकाबाईंच्या बोटांतली शेंग तशीच राहिली. "वाच," त्या म्हणाल्या.

सपनानं वाचलं. हसणं कधी थांबलं ते तिलाही कळलं नाही. शेवटची ओळ तिनं हळू वाचली. शर्वरी उतरली, आणि गाडी बराच वेळ फाट्यावर तशीच उभी होती.

"झालं. एवढंच हाय."

बाहेर कुणाचं तरी जनरेटर धडधडत होतं. जनकाबाई पानाकडं बघत राहिल्या.

"आन् लेकरू? ते गाडीतच सोडलं का संगं घेतलं?"

सपना ओळींवरून बोट फिरवू लागली.

"संगं घेतलं," ज्योती म्हणाली.

सपनाचं बोट थांबलं. तिनं पान उलटलं. मागं कोरं होतं.

"वहिनी, हे तर यात कुठंच न्हाई."

ज्योतीचा थोपटणारा हात पोराच्या पाठीवर तसाच राहिला. जनकाबाईंनी शेंगांचं सूप बाजूला सारलं. पुढं सरकल्या, ज्योतीच्या मांडीवरचं झोपलेलं पोर अलगद उचललं आणि आपल्या मांडीवर घेऊन त्याच्यावर पदर टाकला.

"हं," त्या म्हणाल्या. "पुढं सांग."