पणजोबांचा बैल

तान्ह्या पोळ्याला पिपरीतली पोरं चाकांचे लाकडी बैल सजवून निघाली. रजतचा बैल कंबरेएवढा, सागवानी, पणजोबांचा. शेजारच्या सोनूचा मुठीएवढा. देवळाजवळच्या उतारावरून दोघांनी ते एकदम सोडले, तर बरोबरच खाली पोचले. “बाबा, म्हंजे मोठं असून काईच फायदा नाई!” रजत आनंदानं ओरडला. चारचौघांत बाबांना ते झोंबलं. “वजन कमी पडून राह्यलं,” म्हणत त्यांनी बैलावर वीट बांधली. तरी बरोबरीच झाली. देवळापाशी जमलेल्या बायका हसल्या, तसे बाबा स्वतःच बैलावर बसले. अर्ध्यावरच चाकं निखळली. सोनूचा बैल एकटाच पोचला. धुळीत बसलेल्या बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. “रडून राह्यले का, बाबा?” “हट्! मर्द मानूस रडत नाई. धूळ गेली डोळ्यात.” रजत मूठभर धूळ उचलून शेजारी उभ्या असलेल्या सोनूच्या बाबांकडे वळला. “काका, डोळे उघडे ठेवजा. पाहू, तुमाले पाणी येते का.”