सतराचा पाढा

"सतरा सक एकशे दोन," बाथरूममधून खणखणीत आवाज आला.

ओट्याशी कांदा चिरणाऱ्या सुनेचा एक कान तिकडेच होता. मागच्या वर्षी सासूबाई आत पडल्या, खुबा मोडला, दार फोडून बाहेर काढावं लागलं. त्या घरी परतल्या तोवर सुनेने दाराची कडीच काढून टाकली होती. मग काय, दोन दिवस अंघोळीवर बहिष्कार! चाळीस वर्षं वर्गाला धाकात ठेवलेली गणिताची बाई. बिनकडीच्या दारामागे अंघोळ म्हणजे तिला मेल्याहून मेल्यासारखं. शेवटी तह झाला. त्यांनी आत मोठ्याने पाढे म्हणायचे. पाढा चालू आहे तोवर दाराला कोणी बोटही लावायचं नाही.

"सतरा साते एकशे एकोणीस. सतरा आठे एकशे छत्तीस."

धप्प! मग नुसतंच पाणी वाहत राहिलं.

सुरी टाकून सून दाराशी धावली. हात दारावर ठेवला, पण ढकलवेना. आत सगळं ठीक असलं, तर सासूबाई पुन्हा तिच्यावर विश्वास ठेवायच्या नाहीत. आणि नसलं तर?

"आई?"

घाबरून तिच्या तोंडून कसंबसं निघालं, "सतरा नवे... एकशे चोपन्न."

"त्रेपन्न!" आतून फटका आला. "वीस वर्षं झाली या घरात, अजून पाढ्यांच्या नावाने बोंब!"

इतकी गोड बोलणी सुनेने उभ्या जन्मात खाल्ली नव्हती. तिने पदराने डोळे पुसले.

"लागलं का, आई?"

"नाही गं. स्टूल सरकलं, खाली बसले. हाडं शाबूत आहेत." मग बारीक आवाजात, "उठता येत नाहीये."

"येऊ आत?"

नळ बंद झाल्याचा आवाज आला.

"ये. पण डोळे मीट."

सुनेने टॉवेल उघडून पुढे धरला, डोळे घट्ट मिटले आणि खांद्याने दार ढकललं. ओल्या फरशीवर ती चाचपत निघाली. दुसऱ्याच पावलाला टाच सटकली. भिंतीला धरून कशीबशी सावरली.

"डोळे उघड गं बाई," सासूबाई म्हणाल्या. "घरात पडायला एक पुरे आहे."